किरकोळ अंग, पोटातला मेद आणि रक्ताचा दाब

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त नव्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



देवळाच्या सभामंडपात रक्तदाबाचे व्याख्यान कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल आणि तो रास्तही आहे. त्याचे उत्तर एवढेच की दवाखान्यात गेलेला माणूस घाईत असतो. मागे रांग उभी असते, एसटीची वेळ झालेली असते. डॉक्टरांना सांगायला सवड नसते आणि रोग्याला ऐकायला. आज येथे दोन्ही आहे. महाप्रसादाला अजून तासभर अवकाश आहे, पंगत बसायची आहे, आणि ज्या विषयावर बोलावयाचे आहे त्याचा त्या पंगतीशीही थोडा संबंध आहे.

साकोली, लाखनी, लाखांदूर ह्या पट्ट्यात एक समज खोलवर रुजलेला आढळतो. बीपी आणि शुगर हे मोठ्या पोटाच्या माणसाचे दुखणे. शेठ, सावकार, गादीवर बसणारे, त्यांना ते व्हायचे. धानाच्या बांधीत राबणाऱ्या, अंगाने काटकुळ्या माणसाला त्याचे काय? हा समज वरवर पाहता अगदी बरोबर वाटतो. आणि म्हणूनच तो फार महाग पडतो.

समजा, एक गृहस्थ आहेत. वय पंचेचाळीस, उंची साडेपाच फूट, वजन अठ्ठावन्न किलो. चार एकर धान आहे. हात बारीक, पाय बारीक, गालफडे बसलेली. त्यांना कोणी लठ्ठ म्हणणार नाही, आणि पुस्तकातल्या तक्त्यावर वजन-उंची मांडली तर तक्ताही म्हणणार नाही. पण बनियान वर केली की नाभीभोवती एक छोटीशी ढेरी दिसते. बाकीचे शरीर सुकलेले आणि पोट तेवढे पुढे आलेले. गावात ह्यावर थट्टा होते आणि विषय संपतो. एके दिवशी आशाताईंच्या आग्रहाने ते उपकेंद्रात जातात, तेथे रक्तदाब निघतो एकशे साठ आणि शंभर. गृहस्थ हसतात आणि म्हणतात, तुमची मशीन बिघडली असेल. मशीन बिघडलेली नसते. त्यानंतर चार-सहा वर्षे काही होत नाही. मग एखाद्या पहाटे उजवा हात उचलत नाही, तोंड वाकडे होते, आणि लकवा मारला म्हणून त्यांना भंडाऱ्याला किंवा नागपूरला घेऊन धावावे लागते. असे गृहस्थ कोणत्या गावात नाहीत, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

ह्या माणसाच्या बारीक देहात दाब वाढला कसा? त्याच्या त्या छोट्याशा ढेरीकडेच पाहावे लागते. पण तेथवर जाण्याआधी इन्शुलिनची ओळख करून घेतली पाहिजे.

इन्शुलिन हे नाव मधुमेहाच्या इंजेक्शनामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. कॅनडातील टोरोंटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी ते वेगळे काढले आणि १९२२ च्या जानेवारीत एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. पण बाटलीत येण्यापूर्वीही ते प्रत्येकाच्या पोटात होतेच. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे, तो ते तयार करतो. भात खाल्ला की भाताची साखर होते आणि ती रक्तात येते. रक्तातली साखर स्नायूंच्या पेशींत शिरली पाहिजे, तेथे ती जळते व काम होते. ही साखर आत घेण्याचा हुकूम इन्शुलिन देते.

आपल्या भागाला तलावांचे उदाहरण लगेच कळेल. कोहळी मंडळींनी बांधलेले जुने तलाव आहेत, त्यांचे पाणी बांध्यांना वाटून देणारा पाणकर असतो. पाणकराने हाक दिली की बांधीचे तोंड उघडायचे आणि पाणी आत घ्यायचे. रक्त हा पाट, साखर हे पाणी, स्नायूंच्या पेशी ह्या बांध्या आणि इन्शुलिन हा पाणकर. आता समजा, बांधीवाले हळूहळू बहिरे होऊ लागले. एका हाकेला कोणी तोंड उघडीना. तेव्हा स्वादुपिंड काय करते? एकाच्या जागी पाच पाणकर पाठवते, दहा पाठवते. दहा जणांनी ओरडून ओरडून बांध्यांची तोंडे उघडली की पाणी बरोबर वाटले जाते आणि पाट तुंबत नाही. म्हणजे रक्तातील साखर तपासली तर ती ठीकच निघते. ह्या स्थितीला इन्शुलिनला होणारा प्रतिरोध म्हणतात. ती पाच-दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, कोणाला न कळता चालू राहते. स्वादुपिंड थकले आणि पाणकर कमी पडू लागले म्हणजे मधुमेह उघडा पडतो. तोवर माणूस निरोगी म्हणून फिरत असतो.

पण ते दहा पाणकर गावात नुसते बसून राहत नाहीत. येथून रक्तदाबाची गोष्ट सुरू होते. स्नायू बहिरे झाले तरी मूत्रपिंड बहिरे होत नाही. इन्शुलिनचा मूत्रपिंडाला दुसराच हुकूम असतो, तो म्हणजे मीठ धरून ठेव. एका पाणकराच्या हाकेला मूत्रपिंड थोडे मीठ धरत होते, दहांच्या आरोळ्यांना ते पुष्कळ धरते. मिठाबरोबर पाणी राहते, पाण्याने रक्ताचे आकारमान वाढते आणि नळीत पाणी जास्त झाले म्हणजे नळीवर ताण येणारच. दुसरे असे की जादा इन्शुलिन मज्जासंस्थेच्या त्या भागाला चेतवते जो भीतीच्या किंवा रागाच्या वेळी जागा होतो. हृदय जोराने चालते, नसा आवळतात. तिसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. निरोगी माणसात इन्शुलिन वाहिनीच्या आतल्या अस्तराला सैल होण्याची सूचना देते. बहिरेपणा अस्तरातही शिरला म्हणजे ती सूचना पोहोचत नाही, पण आवळण्याची सूचना मात्र पोहोचत राहते. निसर्गाची ही व्यवस्था विचित्र खरी. जे ऐकू यावे ते येत नाही आणि जे येऊ नये तेवढे स्पष्ट येते.

हे सारे एका दिवसात कळलेले नाही. मधुमेही रोग्यांत काहींना इन्शुलिन लागू पडते आणि काहींना फारसे पडत नाही, हे इंग्लंडमधील हिम्सवर्थ ह्यांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. रक्तातील इन्शुलिन मोजण्याची रीत मात्र १९६० च्या सुमारास अमेरिकेत यॅलो आणि बर्सन ह्यांनी काढली. त्या कामासाठी रोझलिन यॅलो ह्या विदुषींना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, बर्सन तोवर निवर्तले होते. मग १९८७ साली इटलीतील फेरान्निनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या ह्या काटकुळ्या गृहस्थाशी थेट संबंध असलेले काम प्रसिद्ध केले. त्यांनी ज्यांना तपासले ते तरुण रक्तदाबाचे रोगी होते. वजन नेमके, साखरही नेमकी. तरीही त्यांचे स्नायू इन्शुलिनला दाद देत नव्हते असे दिसले. लगोलग १९८८ साली अमेरिकेतील जेरल्ड रीव्हन ह्यांनी आपल्या व्याख्यानात वाढलेला रक्तदाब, साखरेचा बिघाड, रक्तातील बिघडलेली चरबी आणि हृदयविकार ही सगळी एकाच मुळाची फांदोरी आहेत असे मांडले आणि त्या समूहाला 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले.

येथे एक शंका घेतलीच पाहिजे, कारण शास्त्रज्ञांनीही ती घेतली. सारा दोष जादा इन्शुलिनचाच असेल, तर ज्यांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन ओकणारी गाठ होते त्या सर्वांचा रक्तदाब वाढला पाहिजे. तसा तो सहसा वाढत नाही. म्हणजे इन्शुलिन ह्या कामात आहे, पण एकटे नाही. साथीदार कोण?

साथीदार निघाला तो मेद. आपण ज्याला चरबी म्हणतो, ढेरी म्हणतो, ती.

फार काळपर्यंत वैद्यकाने मेदाला कोठीतल्या धान्यासारखे मानले. जास्तीचे अन्न साठवून ठेवायचे, दुष्काळात काढायचे, यापलीकडे त्याला काही बोलता येत असेल असे कोणाच्या मनात आले नव्हते. पहिला संशय आला तो उंदरांवरून. अमेरिकेत मेन प्रांतातील एका प्रयोगशाळेत डग्लस कोलमन नावाचे शास्त्रज्ञ होते. तेथे जन्मतःच अति लठ्ठ होणाऱ्या उंदरांची एक जात होती. कोलमन ह्यांनी अशा लठ्ठ उंदराचे रक्ताभिसरण एका साध्या उंदराच्या अभिसरणाशी जोडले. तेव्हा लठ्ठ उंदीर कमी खाऊ लागला आणि बारीक झाला. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात 'पुरे झाले' असे सांगणारे काहीतरी होते, जे लठ्ठ उंदराच्या अंगात तयारच होत नव्हते. ते काय, हे शोधायला आणखी वीसेक वर्षे गेली. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन ह्यांच्या गटाने तो पदार्थ हुडकला. तो तयार होत होता मेदाच्या पेशीत! त्याला ग्रीक भाषेतील 'बारीक' ह्या अर्थाच्या शब्दावरून लेप्टिन हे नाव मिळाले. कोठीतले धान्य स्वयंपाकघराला निरोप पाठवीत होते, असाच हा प्रकार.

असे निरोप वाहणाऱ्या पदार्थांना मराठीत संप्रेरके म्हणतात. १९९४ नंतर मेदाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. तो थायरॉईडसारखा, स्वादुपिंडासारखाच एक बोलणारा अवयव ठरला, आणि बहुतेकांच्या अंगात तो सर्वांत मोठ्या अवयवांपैकी एक आहे.

लेप्टिनचे काम मेंदूला सांगणे की साठा भरला, आता जेवण थांबव. पण मेद फार वाढला, लेप्टिन फार झाले, की मेंदूचा भूक सांभाळणारा भाग बहिरा होतो. भूक थांबत नाही. मात्र मेंदूतून मूत्रपिंडाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या ज्या तारांना लेप्टिन चेतवते, तेथे बहिरेपणा येत नाही. पुन्हा तीच कथा! भुकेचा लगाम सुटतो आणि दाबाचा चाबूक तेवढा चालू राहतो. ह्याचा पुरावा मोठा विलक्षण आहे. जगात काही थोडी माणसे अशी आहेत की ज्यांच्या अंगात जन्मतः लेप्टिन तयार होत नाही किंवा त्याचा निरोप घेणारी यंत्रणाच नसते. ही माणसे अतिशय लठ्ठ असतात. इतक्या लठ्ठपणात रक्तदाब चढलेला असायला हवा, पण त्यांचा तो चढत नाही. २०१४ साली हे काम प्रसिद्ध झाले. नुसते वजन दाब वाढवीत नाही, वजनाने पाठविलेला निरोप वाढवितो, हे त्यातून दिसते.

मेदाचा दुसरा निरोप आणखी सरळ आहे. यकृतातून एक पदार्थ निघतो, त्याचे रक्तात रूपांतर होत होत शेवटी अँजिओटेन्सिन बनते. हे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळते आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीकडून मीठ धरून ठेवण्याचा हुकूम काढते. हा मूळ पदार्थ केवळ यकृतच नव्हे तर मेदही तयार करतो. जितका मेद अधिक तितका कच्चा माल अधिक. रक्तदाबासाठी सरकारी दवाखान्यात टेल्मिसार्टन नावाची जी गोळी मिळते, ती ह्याच अँजिओटेन्सिनचे कुलूप अडवून बसते. गोळी कशासाठी घ्यायची हे ज्यांना विचारायचे असते पण विचारवत नाही, त्यांच्यासाठी हा खुलासा. ही गोळी गरोदर बाईने मात्र घ्यावयाची नाही. दिवस राहिले किंवा राहावेत असे मनात असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे, ते दुसरी देतात.

मेदाचे सगळेच निरोप वाईट असतात असेही नाही. १९९५-९६ च्या सुमारास ॲडिपोनेक्टिन नावाचे संप्रेरक सापडले. ते इन्शुलिनची हाक स्नायूंना नीट ऐकू आणते आणि वाहिन्यांचे अस्तर मऊ ठेवते. मोठा गुणी पदार्थ! पण मेद वाढला की, विशेषतः आतड्यांभोवतीचा आणि यकृताजवळचा मेद वाढला की, हे मात्र कमी होते. बाकी सारे वाढते, हेच तेवढे घटते. पोटाच्या आतला हा मेद मांड्यांवरच्या मेदासारखा नसतो. त्याच्यातून सुटलेली चरबी थेट यकृतात उतरते, त्यात दाह माजतो आणि त्या दाहाने स्नायूंचा बहिरेपणा आणखी वाढतो. अशा प्रकारे बहिरेपणा, मेद आणि दाब एकमेकांना ढकलीत राहतात. शिवाय वाढलेला मेद मूत्रपिंडाला बाहेरून दाबतो, आणि झोपेत घोरणे, श्वास अडकणे हेही दाब वाढविते, पण त्याचा विस्तार नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अठ्ठावन्न किलोच्या माणसाच्या पोटात एवढा मेद आला कोठून? ह्याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो शाळेच्या पुस्तकात यावा इतका मोलाचा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांना आपले मधुमेही रोगी परदेशी पुस्तकातल्या रोग्यांसारखे दिसेनात. ते वयाने तरुण आणि अंगाने बारीक. १९९३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील संशोधकांच्या साहाय्याने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. शेतकरी घरांतल्या बायांची त्यांनी गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. त्या काय खातात, शेतात किती राबतात, बाळ किती वजनाचे होते, सारे मोजले. साउदम्प्टनची बाळे सरासरी साडेतीन किलोची, आपली सुमारे दोन किलो सातशे ग्रॅमची. आठशे ग्रॅमचा फरक! पण हा फरक शरीरात सारखा वाटलेला नव्हता. आपल्या बाळाचे स्नायू लहान, पोटातले अवयव लहान. पाठीवरच्या कातडीखालचा मेद मात्र जवळजवळ जसाच्या तसा. आईच्या पोटात अन्न कमी पडले तेव्हा शरीराने काटकसर केली ती स्नायूंत आणि अवयवांत, मेदात नाही. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतील रक्त तपासले, तेव्हा पुण्याच्या हलक्या बाळांत इन्शुलिन जास्त निघाले आणि लेप्टिनही बाळाच्या वजनाच्या मानाने कमी नव्हते. म्हणजे ही गोष्ट पाळण्यापासूनच सुरू होते.

बारीक दिसणाऱ्या पण आतून मेदाळ अशा ह्या देहयष्टीची एक साक्ष डॉ. याज्ञिकांनी स्वतःच्याच अंगावर दिली. ते आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' ह्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा एकच, २२.३. दोघांनाही कोणी लठ्ठ म्हणणार नाही. पण यंत्राने मोजले तेव्हा युडकिनांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, दुपटीहून अधिक. एवढ्या मोठ्या संशोधकाने स्वतःच्या अंगातील मेदाचे मोजमाप जगापुढे ठेवले, ह्यातला मोकळेपणा आपल्याकडे दुर्मिळच.

कमी वजनाच्या बाळाच्या मूत्रपिंडात गाळण्याही कमी असतात आणि जन्मानंतर त्या नव्याने वाढत नाहीत, हे येथे जोडून घ्यावे. गाळण्या कमी, स्नायू कमी, मेद पुरा. अशी शिदोरी घेऊन आलेले मूल मोठे होते. जोवर ते नांगर धरते, चिखलणी करते, डोक्यावर पेंढ्या वाहते, तोवर ते निभते. पण आता चिखलणी ट्रॅक्टर करतो, कापणी-मळणी यंत्र करते, बाजाराला मोटारसायकल आहे. ताटातला भाताचा ढीग मात्र आजोबांच्याच मापाचा राहिला. 'आमचे आजे दोन्ही वेळ भातच खात, त्यांना कुठे काय झाले?' हा प्रश्न दर सभेत येतो. आजे भात खात, तो बांधीत जाळीत. त्यांचा भात घरच्या उखळातला, कोंडा थोडा राहिलेला. आजचा गिरणीचा, शुभ्र, जो पोटात गेल्याबरोबर साखर होतो. आणि त्यांचा रक्तदाब कोणी मोजलाच नव्हता, हेही विसरू नये. 'म्हातारा बसल्या बसल्या गेला' असे ज्यांच्याविषयी सांगितले जाते, ते कशाने गेले ते कोणास ठाऊक.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेही १० कोटींहून अधिक आणि रक्तदाबाचे रोगी सुमारे ३१ कोटी ५० लाख असा अंदाज आहे. प्रौढांत शंभरात पस्तीस जणांचा दाब वाढलेला, शंभरात एकोणचाळीस जणांची कंबर मर्यादेबाहेर. एवढे सारे लोक गादीवर बसणारे असू शकत नाहीत.

भंडारा जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर येथे एक चांगले काम झाले आहे, ते सांगितलेच पाहिजे. २०१७ साली भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांतील मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून प्रारंभी जे जिल्हे घेतले त्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा ह्यांच्याबरोबर आपला भंडारा होता. कल्पना साधी आहे. दाब मोजायचा, ठरलेल्या क्रमाने ठरलेली गोळी द्यायची, महिन्याची गोळी एकदम आणि शक्यतो घराजवळ द्यायची, आणि जो पुन्हा आला नाही त्याचा शोध घ्यायचा. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. कारण रोगी येतो, गोळी घेतो, महिन्याने दाब मोजतो, तो एकशे तीस निघतो आणि आनंदाने गोळी बंद करतो. बरे झालो, आता कशाला? पण दाब उतरला आहे तो गोळीने उतरला आहे. तलावाची पाळ फुटू नये म्हणून सांडवा उघडा ठेवला आणि पाणी उतरलेले पाहून तोच बुजवून टाकला, तर पुढच्या पावसात काय होईल? रोवणीच्या दिवसांत तर महिना महिना गोळी राहून जाते. उपकेंद्रात जायला एक मजुरी बुडते हे खरे आहे. पण घरातल्या कोणी एकाने कार्ड घेऊन जावे, आशाताईंना सांगून ठेवावे, काही ना काही मार्ग निघतो.

गोळीखेरीज काय करावे, असे बायाच अधिक विचारतात, आणि ताट त्यांच्याच हाती असते. मीठ जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमहून, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून, कमी हवे. देशाच्या पाहणीत ते आठ ग्रॅमच्या आसपास निघाले. ते जाते कोठे? भाजीत थोडे, पण लोणच्यात, पापडात, सांडग्यांत, खारवलेल्या सुक्या मासळीत आणि बाजारच्या पुड्यांतल्या फरसाणात फार. ज्या मूत्रपिंडाला इन्शुलिन आणि मेद दोघेही मीठ धरायला सांगत आहेत, त्याला वरून मीठ पुरवीत राहणे म्हणजे चोराला घराची किल्ली देणे. भात सोडा असे भंडाऱ्यात सांगणारा माणूस शहाणा नव्हे. भाताचा ढीग एक मूठ कमी करावा, त्या जागी वरण आणि पालेभाजी वाढवावी, आणि सुरुवात भाजी-वरणाने करून भात शेवटी घ्यावा. रात्री जेवून लगेच आडवे होण्याऐवजी देवळापर्यंत जाऊन यावे. चालणारा स्नायू इन्शुलिनची हाक न ऐकताही साखर आत घेतो, हा त्यातला मोठा फायदा. बहिऱ्या बांधीला पाणी देण्याचा तो चोरवाटेचा पाट आहे. वजन जास्त असलेल्याचे वजन एक किलो उतरले तर वरचा दाब साधारण एक मिलिमीटर उतरतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. कंबर उतरते तेव्हा आतला मेदच आधी कमी होत असतो. तंबाखू आणि खर्रा ह्यांविषयी वेगळे व्याख्यान हवे, तथापि खर्रा तोंडात धरून रक्तदाबाची गोळी मागणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर सर्वांत आधी तिच्या ताटाकडे पाहावे. पुण्याजवळच्या त्याच खेड्यांत ज्या बायांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या आणि फळे वारंवार होती, त्यांची बाळे मोठी निघाली. सर्वांची पंगत उठल्यावर उरलेसुरले खाणारी बाई ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्या रीतीचा हिशेब चाळीस वर्षांनी कोणाच्या तरी रक्तदाबात चुकता होतो.

व्याख्यान संपल्यावर सभामंडपाच्या डाव्या ओवरीत रक्तदाब आणि कंबर मोजण्याची सोय केलेली आहे. तीस वर्षांवरील सर्वांनी मोजून घ्यावे, मग अंग कितीही बारीक असो. बायांची रांग वेगळी आहे. कंबर नाभीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजावयाची. पुरुषांची नव्वद आणि बायांची ऐंशी सेंटिमीटरहून अधिक भरली तर चिठ्ठीवर तसे लिहून मिळेल. आत्ताच चहा घेतला असेल किंवा खर्रा खाल्ला असेल त्यांनी अर्धा तास थांबावे. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, पाय जमिनीला टेकवावे, हात छातीच्या उंचीवर ठेवावा आणि पट्टा फुगत असताना शेजाऱ्याशी बोलू नये. पहिला आकडा एकशे चाळीस किंवा खालचा नव्वद, किंवा त्याहून जास्त आला तर घाबरू नये, थोड्या वेळाने पुन्हा मोजला जाईल. दोन्ही वेळा जास्त आल्यास चिठ्ठी घेऊन ह्याच आठवड्यात उपकेंद्रात जावे. ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी आज सकाळी ती घेतली की नाही हे खरे सांगावे. देवळात बसून खोटे सांगण्याचे कारण नाही.